एफ कॉर्ड लागत नाही म्हणून गिटार सोडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, रत्नागिरीत बँकेत नोकरी. लहानपणी काही वर्षं हार्मोनियम आणि सुगम गायन शिकून झालेलं. भावगीतं स्वतः गिटार वाजवत म्हणता यावीत म्हणून मे महिन्यात ऑनलाइन साधी अकूस्टिक गिटार मागवली. व्हिडिओ बघून सी, जी, ए मायनर या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, जमल्या. एफ मात्र काही केल्या लागत नाही, बोटं सोलवटतात, आणि कॉर्ड बदलताना गाणंच थांबतं. सासरे म्हणतात, "यात गाणं कुठं ओळखू येतंय?" बोटं लहान आहेत म्हणून असं होतं का, दुसरी गिटार घ्यावी का, क्लास लावावा का?

बोटांचा विषय आधी संपवतो. आठ-नऊ वर्षांची मुलं एफ वाजवतात, आणि तुमची बोटं त्यांच्यापेक्षा लांबच असणार. मी गिटार शिकवतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे "जमत नाही" ही तक्रार माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येते. शिकायला आलेला माणूस म्हणतो, माझा हात बसत नाही. त्याचीच गिटार टेबलावर घेतली की पुष्कळदा दिसतं ते असं की हात ठीक आहे, तारा उंच आहेत. तुमच्या बाबतीत मला तोच संशय आहे. शिवाय गिटार मे महिन्यात घरात आली आणि लगेच तिच्यावरून कोकणातला पावसाळा गेला, हेही त्यात धरा.

तार फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, किती वर आहे, याला आम्ही ॲक्शन म्हणतो. ती घरच्या घरी मोजायला बँकेतल्या माणसाला साधन शोधावं लागणार नाही. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. उठावाची अक्षरं नसलेली तीन कार्डं एकावर एक धरा. बाराव्या फ्रेटवर, जिथे बहुतेक गिटारींना दोन ठिपके असतात, तिथे सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली ती सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम टेकून बसली तर ॲक्शन सव्वादोन मिमीच्या आसपास आहे, उत्तम. चार बसली तरी निभावतं. पाच आरामात जात असतील तर त्या गिटारवर मलाही एफ लावायला जोरच करावा लागेल, आणि नव्या माणसाने तो करत बसू नये.

एफला छळणारी खरी जागा मात्र दुसऱ्या टोकाला असते. तारा जिथून खुंट्यांकडे वळतात तिथे हाडाची किंवा प्लास्टिकची पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. नटमधल्या खाचा नीट खोल करणं हे हाताचं आणि वेळखाऊ काम आहे, म्हणून स्वस्त गिटारींमध्ये त्या उथळ सोडून दिलेल्या असतात. तपासायला सोपं आहे: सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर ती किती अधांतरी आहे ते बघा. कागद सरकेल इतकीच फट हवी. कार्ड सरकत असेल तर नट उंच आहे. असं सहाही तारांचं बघा. एफ पहिल्या फ्रेटवर असतो, म्हणजे नटाच्या अगदी लगत, आणि तार आधाराच्या जितकी जवळ दाबाल तितकी ती जास्त जोर मागते. नट उंच असला की सी आणि ए मायनर कसेबसे निभावतात, एफला आख्खी तर्जनी आडवी टाकावी लागते तिथे गाडी अडते.

अजून एक खात्री करून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तोच एफचा आकार एक घर पुढे धरा. आता तो अचानक वाजायला लागला, तर दोष नटाचा आहे. कॅपोने तारा फ्रेटला टेकवल्या, नट बाजूला पडला, एवढंच घडलेलं असतं.

ही गिटार चांगल्या कारागिराकडे न्या आणि "सेटअप करून द्या" एवढंच सांगा. तो नटच्या खाचा कानसेल, पोटावरच्या ब्रिजमधल्या सॅडलचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, तळ घासेल (बाराव्या फ्रेटवर एक मिमी उतरवायचा तर सॅडल दोन मिमी कमी करावा लागतो), मानेतला रॉड लागेल तसा फिरवेल. नटाला घरी कानस लावू नका. खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते, आणि मग नटच नवा घालावा लागतो. त्याच वेळी तारांचा संच बदलून घ्या. कारखान्यातून बऱ्याचदा १२ नंबरचा संच येतो (नंबर म्हणजे तारांची जाडी). त्याचा सगळ्या तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. तुम्ही १० किंवा ११ चा संच घाला. आवाज किंचित पातळ होईल, पण बोटं वाचतील, आणि सुरुवातीला तेच महत्त्वाचं. या सगळ्याला येणारा खर्च नव्या गिटारच्या मानाने किरकोळ आहे. म्हणून दुसरी गिटार आत्ता घेऊ नका. ब्रिज मागच्या बाजूने उचलला गेला असेल किंवा मान जोडाशी हलत असेल तरच तो विचार करा.

कोणी सांगेल की नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घे, बोटं दुखत नाहीत. ते खरं आहे, तिच्या तारांचा ताण जवळपास निम्मा असतो. पण मान रुंद असते, आणि कॉर्डवर गाणं म्हणायचं तर तिचा आवाज सगळ्यांना रुचतो असं नाही. ज्यांच्या घरी तशी गिटार आधीच आहे त्यांनी खुशाल तिच्यावर शिकावं, फक्त तिला स्टीलच्या तारा चढवू नयेत. असे उपटलेले ब्रिज मी दर वर्षी चिकटवतो.

पावसाळ्याचं म्हणाल तर हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि त्याबरोबर ॲक्शन चढते. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, त्या भिंती आतून ओल धरतात. जाड कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून आतल्या खोलीत ठेवा. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. समुद्राजवळ तारा लवकर गंजतात, आणि गंजलेली तार बोटं सोलते ती नुसत्या दाबाने सोलवटतात त्याहून वाईट. नागपूरकडच्या लोकांना उन्हाळ्यात उलटा त्रास होतो: लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन तळहाताला ओरखडतात.

आता दाबण्याबद्दल. एक प्रयोग करा. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे, बोट नुसतं टेकवा. उजव्या हाताने तार छेडत राहा आणि बोटाचा दाब हळूहळू वाढवा. आधी ठस्स आवाज येईल, मग खरखर, मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. एवढाच दाब लागतो. नवा माणूस याच्या कितीतरी पट जोर लावतो, आणि तोही फ्रेटपासून लांब, घराच्या मधोमध. डाव्या हाताची नखं आतपर्यंत कापा. बोटांची टोकं दुखणं साधारण तीन-चार आठवड्यांत कमी होतं, घट्टे पडतात. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपर दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र ते "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. थांबा, आणि बसण्याची पद्धत आधी बदला.

इथपर्यंत वस्तूचं झालं. यापुढचं मला जास्त आवडीचं आहे, कारण तुम्ही हार्मोनियम शिकला आहात आणि त्या शिदोरीला तुम्ही अजून हातच लावलेला दिसत नाही. व्हिडिओवाले सगळ्यांना सी, एफ, जी या घराण्यातून नेतात. त्यात सा म्हणजे सी, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक. सुगमच्या वर्गात मुलींना बहुधा काळी चार किंवा काळी पाच देतात. तुमची पट्टी काळी चार असेल असं धरून चालतो. मग पांढरी एकमध्ये गात बसायचं तुम्हाला कारणच काय?

असं करा. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जीला सा माना. जी म्हणजे पांढरी पाच. एक घर वर गेलं की काळी चार. पट्टी काळी पाच असेल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, पांढरी सहा असेल तर दुसऱ्या. बोटांचे आकार तेच राहतात. आता या घराण्यात कोणत्या कॉर्ड येतात ते स्वरांत बघा. जी म्हणजे सा ग प. सी म्हणजे म ध सा. डी म्हणजे प नि रे. ई मायनर म्हणजे ध सा ग. ए मायनर म्हणजे रे म ध. बिलावल थाटातलं बहुतेक काम या पाचांत उरकतं, आणि यात एफ नाही. ज्या कॉर्डसाठी तुम्ही गिटार सोडायला निघालात, ती तुमच्या गाण्यांना लागतच नाही. ग प नि ची बी मायनर तेवढी आडव्या तर्जनीची राहते, पण तिच्या जागी जी किंवा डी धरला तरी भावगीतात सहसा कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

या घराण्याचा आणखी एक फायदा आहे, तो हातात धरूनच बघा. जी असा धरा: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. आता अनामिका आणि करंगळी जागची हलवू नका. मधलं बोट आणि तर्जनी जोडीने एकेक तार खाली, म्हणजे पाचव्या आणि चौथ्या तारेवर, सरकवा. सी झाला. खरं म्हणजे सी ॲड नाइन, पण गाताना तो सीचंच काम करतो आणि माझ्या मते जास्त गोड लागतो. सहावी तार तेवढी छेडू नका. पुन्हा अनामिका-करंगळी तशाच ठेवून तर्जनी पाचव्यावर आणि मधलं बोट चौथ्यावर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला: ई मायनर सेव्हन. डीसाठी अनामिका तिथेच, करंगळी उचला, तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधलं बोट पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला, आणि वाजवायच्या खालच्या चारच तारा.

अनामिकेखाली कोणता स्वर आहे बघितलंत? प. करंगळीखाली? सा. जी, सी आणि ई मायनर बदलत असताना वर सा-प तसाच चालू राहतो. तंबोऱ्यावर गायची सवय असलेल्या गळ्याला हा फार मोठा आधार आहे. कॉर्ड बदलली की सूर हरवतो ही तक्रार आपल्याकडे शास्त्रीय पाया असलेल्या विद्यार्थ्यांची नेहमीची. सा-प कानात राहिला की ती बरीच कमी होते. आणि अनामिका चारही कॉर्डमध्ये एकाच जागी असल्यामुळे हाताला अंधारातही ठिकाण सापडतं.

चालीला कॉर्ड शोधताना आरोह-अवरोह विसरू नका. भूप रागावर बांधलेल्या चालीत म आणि नि नाहीत. तिथे सी वाजवला की म डोकावतो आणि चाल एकदम परकी वाटते. त्या जागी ई मायनर घालून बघा, ध सा ग सगळे घरचेच स्वर आहेत. डी लागलाच तर पहिली तार छेडू नका, नि निघून जातो आणि प रे प उरतात. काही चालींना कॉर्डच नको असते. तोडीच्या अंगाच्या गाण्याखाली जीमधली तर्जनी उचला आणि मधल्या बोटाच्या उताराने पाचवी तार बंद करा. उरतो तो निव्वळ सा आणि प. एवढ्यावर आख्खं गाणं म्हणा. काही कमी पडत नाही.

कोमल गंधाराच्या चालींना मात्र जीचं घराणं चालणार नाही. तिथे ई मायनरला सा माना आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर लावा, पुन्हा काळी चार मिळते. ई मायनर, ए मायनर, जी, डी, सी या कॉर्ड आसावरी थाटाचे सगळे स्वर पुरवतात. मग उरते भैरवी. कोमल रे आला की रे म ध, तिन्हीतले रे आणि ध कोमल, अशी कॉर्ड लागते, आणि ती असते एफ! म्हणजे एफ शिकायचा आहेच, पण भैरवीपर्यंत वेळ आहे. तोवर खालच्या चार तारांचा छोटा एफ करून ठेवा: तर्जनी फक्त पहिल्या दोन तारांवर आडवी पहिल्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला.

ट्यूनिंगला क्लिपवाला ट्यूनर घ्या, शंका नको. पण घरात पेटी असेल आणि कधी तिच्यासोबत वाजवायचं असेल तर गिटार पेटीला लावा, पेटी काही गिटारला लावता येत नाही. जुन्या पेट्या ट्यूनरच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला तंतोतंत असतीलच असं नाही. कॅपो काढून जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत क्रम असा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन, पहिली आणि शेवटची दोन सप्तकांच्या अंतराने. तार नेहमी खालून वर आणत सुरात लावा. चढली असेल तर आधी सुराच्या खाली उतरवा आणि मग वर आणा, नाहीतर ती वाजवता वाजवता पुन्हा उतरते. कॅपो लावल्यावर एकदा परत तपासा, कारण दाबामुळे तारा किंचित चढतात.

कॉर्ड बदलताना गाणं का थांबतं? कारण डाव्या हाताची तयारी होईपर्यंत उजवा हात वाट बघतो. हे उलटं हवं. उजवा हात तबलजी आहे, तो कोणासाठी थांबत नाही. चुकीची कॉर्ड वाजली, अर्धी वाजली, नुसत्या मोकळ्या तारा वाजल्या, तरी लय चालू. ऐकणाऱ्याला चुकलेला स्वर क्वचित कळतो. थांबलेली लय लहान मुलालाही कळते.

आठ मात्रांचा केहरवा तुम्हाला येतोच: धा गे ना ती, न क धि ना. हात कोपरातून लंबकासारखा खाली-वर हलत ठेवा. विषम मात्रांना खाली, सम मात्रांना वर. आधी तारांना स्पर्श न करता, तोंडाने बोल म्हणत, नुसता हात हलवा. आता पहिल्या मात्रेला खाली छेडा, दुसरी रिकामी, तिसरीला खाली, चौथीला वर. पाचवीला हात खाली जाईल पण तारांना लागणार नाही. सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. जगभरातले गिटार शिक्षक पहिल्या महिन्यात जो "डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप" शिकवतात तो हाच. त्यातली मोकळी सोडलेली पाचवी मात्रा बरोबर केहरव्याच्या 'खाली'च्या जागी येते. इंग्रजी व्हिडिओत हा मोजत मोजत शिकताना लोक रडकुंडीला येतात. तुम्ही ठेका म्हणत वाजवा, एका संध्याकाळी बसेल. दादऱ्याला याहून सोपं: पहिल्या आणि चौथ्या मात्रेला फक्त जाड तार, बाकी चार मात्रांना खालच्या तारा हलकेच.

बदल कुठे करायचा तर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. आणि त्याची तयारी आठव्या मात्रेला. त्या शेवटच्या वरच्या फटक्याला बोटं उचललेली असली, तारा मोकळ्या वाजल्या, तरी चालतं. मुरलेले वादकही हेच करतात. कान देऊन ऐकलंत तर दर आवर्तनाच्या शेवटी मोकळ्या तारांची एक झुळूक ऐकू येईल. सम आली की बोटं पूर्ण बसलेली हवीत असंही नाही. जीला आधी मधलं बोट टेकवा, सहावी तार वाजू द्या, बाकीची बोटं पुढच्या मात्रेपर्यंत पोचतात.

रियाजासाठी रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसून बोटं सोलून घेण्यात अर्थ नाही. पहिली पाचेक मिनिटं कुठल्याही दोन कॉर्डमधल्या बदलाला द्या. जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाची युक्ती प्रसिद्ध आहे: घड्याळ लावून एका मिनिटात किती बदल होतात ते मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. मिनिटाला तीस बदल होऊ लागले की संथ लयीतलं गाणं त्या कॉर्डवर उभं राहतं. उरलेला वेळ एकच गाणं, तबल्याचं ॲप संथ लयीत लावून. सुरुवातीला गाऊ नका, गुणगुणाही नका. हात आपोआप चालायला लागला की तोंड उघडा. गाणं आणि वाजवणं एकदम सुरू केलं की गळा असलेली माणसं गळ्याकडे धावतात आणि हात मागे पडतो. पंधरवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका.

सासऱ्यांचं म्हणणं चूक नाही बरं का. त्यांच्या पिढीने रेडिओवर ऐकलेली गिटार बहुधा हवाईयन होती, मांडीवर आडवी ठेवून धातूची पट्टी तारांवर सरकवत वाजवायची. गिटारवादक व्हॅन शिपले यांच्या तबकड्यांमधून सिनेमाची गाणी त्या गिटारवर घरोघर पोचली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ ची तबकडी अजूनही लोक ऐकतात. तिथे गिटारच गात असे, शब्दसुद्धा ओळखू यावेत अशी. तुमची गिटार साथ करते. गाणं तुम्ही गायचं, ती खाली चालत राहणार. गोव्यात मांडो म्हणताना व्हायोलिन आणि घुमट या तालवाद्यासोबत गिटार जे काम करते, तेच हे.

तरी एखादी चाल त्यांना वाजवून दाखवाविशी वाटली तर भूपाचे स्वर तुमच्या हाताखालीच आहेत. तिसरी तार मोकळी सा, तिच्यावर दुसऱ्या फ्रेटला रे. दुसरी तार मोकळी ग, तिसऱ्या फ्रेटला प. पहिली तार मोकळी ध, तिसऱ्या फ्रेटला वरचा सा. कॅपो पहिल्यावर असेल तर फ्रेट कॅपोपासून मोजा आणि सगळं काळी चारमध्येच राहील. म हवा असेल तर दुसऱ्या तारेवर पहिलं घर, नि साठी पहिल्या तारेवर दुसरं. पेटीवर वाजवलेल्या कितीतरी चाली आठवत असतील. त्या इथे शोधा. हा रियाज कॉर्डइतकाच महत्त्वाचा आहे आणि क्लासमध्ये तो फारसा कोणी घेत नाही.

क्लास लावावा का? दोन-तीन महिने तरी लावा. व्हिडिओ तुमचं मनगट बघू शकत नाही आणि लय ऐकू शकत नाही, ही दोन कामं माणसाचीच. सँडरको यांचा इंटरनेटवरचा पायाभूत अभ्यासक्रम फुकट आणि चांगला आहे, तो सोबत चालू ठेवा. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षांमुळे शाळकरी मुलांच्या अभ्यासाला शिस्त लागते, पण ज्यांना घरी भावगीतं म्हणायची आहेत त्यांनी त्या वाटेला जायची गरज नाही. शिक्षक निवडताना त्याला किती जलद वाजवता येतं ते बघू नका. तुमची पट्टी काळी चार आहे असं सांगा आणि तो काय करतो ते बघा. कॅपो शोधायला लागला तर माणूस कामाचा आहे. "आधी सगळे सीमध्येच शिकतात" म्हणाला तर दुसरीकडे चौकशी करा. आणि पहिल्या तासाला त्याने तुमची गिटार हातात घेऊन बाराव्या फ्रेटकडे एक नजर टाकली, तर फी विचारायला हरकत नाही.